दीड बोट

नियम आला: काळे, बंद बूट,
टाच किमान तीन इंच.
सोनं विकणाऱ्या बाईनं
गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवावा म्हणे.
सकाळी दहा ते रात्री साडेआठ, संगमरवरावर,
माझ्या पायांची भाजलेली वांगी.

शहापुरातून निघताना साधी चप्पल,
बूट पिशवीत, डब्याच्या शेजारी.
दुकानाच्या मागच्या जिन्यात बदलते
आणि कठड्याला धरून उंच होते.

रामलिंगखिंड गल्लीच्या तोंडाशी तंगेव्वा बसते.
मूळची अथणीची.
बापानं, सासऱ्यानं, नवऱ्यानं जन्मभर
सपाट चपला केल्या, हिनं त्यांच्या वेण्या घातल्या.
बूट उलटा करून तिनं तळ दाबला, हुंगला.
"उंच काय आमच्यात कुणी केलं नाही गे.
पर पाय तर तोच की."
ती मोजते कानडीत, करवादते मराठीत,
आरीशी मात्र काहीच बोलत नाही.

मी म्हटलं, टाच कापून टाक सगळी.
ती हसली. कमरेत वाकवून शिवलाय हा,
सगळी काढलीस तर नाक वर करील, होडीगत.
दीड बोट. त्याहून एक सूत जास्त नाही.
चवड्याखाली कातड्याची उशी,
अगदी बोटांखाली नको, जरा मागं,
जिथं दिवसभर सगळा भार येऊन साचतो.
घासतं तिथं मेंढीचं मऊ अस्तर.
मग ओला फडका, आत लाकडी कलबूत, रात्रभर.
"करंगळीला जागा पायजे. करंगळी बी माणूसच."

दुसऱ्या दिवशी बूट पायात सरकवले.
"नडी, नोडोण," म्हणाली, चाल, बघू,
आणि डोळे मिटून घेतले.
मी शहाळ्यांच्या गाड्यापर्यंत गेले, परत आले.
टक् — टक. टक् — टक.
"डावा लबाडी करालाय."

छत्तीस वर्षं मी या पायांवर उभी आहे.
आईला, शाळेतल्या ड्रिलच्या बाईंना,
पाच पावलं चालून दाखव म्हणालेल्या
त्या संकेश्वरच्या पाहुण्यांना
कुणालाच ऐकू आलं नव्हतं:
डावा पाय जोंधळ्याच्या दाण्याएवढा आखूड.

तिनं डाव्यात एक पापुद्रा घातला. चाल.
आणखी एक. चाल.
रिक्षा जाईपर्यंत थांब. हं, आता चाल.
"साकु."

चाळीस रुपये झाले. मी पन्नास दिले,
दहा तिनं माझ्या मुठीत परत कोंबले.
शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कापलेल्या टाचांचा:
बँकेतल्या बाईची, नर्सिंगच्या दोन पोरींच्या,
एक सोनेरी, खानापूरच्या नवरीची,
लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कापलेली.
हे कशाला ठेवतेस?
तिनं बसायचं स्टूल जरा तिरकं करून दाखवलं.
दोन पायांखाली चार टाचा, एकावर एक.
"रस्ताच उतरता हाय. नगरपालिकेला किती सांगायचं,
आणि कुठल्या भाषेत?"
माझं दीड बोट तिनं तिसऱ्या पायाखाली सारलं,
बसली, हलून बघितलं,
पुढच्या गिऱ्हाइकाची वहाण हातात घेतली.

सोमवारी मॅनेजर म्हणाला, टाच कमी वाटते.
मी म्हटलं, पट्टी आणा, मोजू.
दुकानात मिलिग्रॅमपर्यंत तोलणारे तीन काटे,
पट्टी एकही नाही.
तो वळून केबिनकडे गेला.
मी हार काचेखाली ठेवला, डोळे मिटले.
टक. टक्क. टक. टक्क.

उजवा.
सांगावं का त्याला, कुठं बसते ती?