सहज दिसून येते

पुंता अरेनास. हँगरच्या पत्र्यावर वारा थडाथड.
एदुविना मान्सिया पान एकशेबारावर
चौथी रात्र अडलेली.
'सहज दिसून येते की...' म्हणतो ग्रंथकार.
तिला तीन रात्रींत दिसलेलं नाही.

हातांना ठाऊक आहे: प्रोपेलरचं पातं
बुडाशी जास्त पिळायचं, टोकाकडे कमी.
बावीस वर्षं रंधा मारलाय.
हे इंटिग्रल तेच बोलतंय का,
की भलतंच काही?

वैतागून कॉफीत चमचा तिरपा धरला, ओढला झटकन.
मागे सुटला एक भोवरा, उलट्या अंगाचा.
पंखाभोवती जेवढा फेर
तेवढाच धावपट्टीवर मागे राहतो, गरगरत,
आणि विमान तर गेलेलं.

समासात ती लिहिते: दिसलं.
मग वरच्या ओळीत
राहून गेलेलं उणे
पेन्सिलीनं, जरा जास्तच दाबून.