पाणी कुठवर आलंय

दर गुरुवारी साडेसातला
चरईतल्या तिसऱ्या मजल्यावर
हन्नोक झिराडकरांच्या जेवणाच्या टेबलावरून
कालवणाचं भांडं उचललं जातं
आणि तिथे अडीच हजार वर्षं ठेवली जातात.

ते उजवीकडून वाचतात, मी डावीकडून लिहिते.
मधल्या कुठल्यातरी अक्षरावर
आमचे चष्मे आपटतात.
मी त्यांच्या धर्माची नाही,
ऱ्हस्व-दीर्घाची.
तीस वर्षं प्रेसमध्ये दुसऱ्यांच्या वेलांट्या उलटवल्या.

आधीचं मराठी त्यांच्या पणजोबांच्या काळातलं.
कसरीनं भोकं पाडलेलं,
'हे परात्परा, तू मजवर प्रसन्न होता झालास'.
मी म्हटलं, काका, हा देव पागोटं बांधून बोलतो.
ते हसले नाहीत.
"माझ्या आईनं ह्याच शब्दांनी माझा ताप उतरवलाय.
जपून खोड."

जपूनच खोडते.
पण ऐरोलीहून त्यांची भाचेनात शिफ्रा
फोनवर विचारते,
परात्पर कोण? आपल्यातले का?

गेले चार गुरुवार अडलोय एकाच शब्दावर.
नेफेश.
एक माणूस बुडतोय
आणि ओरडून सांगतोय, पाणी कुठवर आलंय.
जुन्या प्रतीत, 'आत्म्यापर्यंत'.
म्हणजे किती फूट? मी विचारलं.
काकांनी कोश काढला, भिंग काढलं.
श्वास. प्राण. जीव. भूक.
आणि पार खाली, मुंगीएवढ्या टाइपात,
गळा.

म्हणजे आत्मा व्हायच्या आधी
तो नुसता घसा होता.
कोरडा पडणारा. घास अडकणारा.

तरी काकांचा हात पुढे होईना.
देवापुढे घसा कसा न्यायचा?

शुक्रवारी सकाळी ते चेंदणीला गेले.
हिरूबाय त्यांना कोलंबी दाखवतसुद्धा नाही,
टोपलीवर फडकं ओढते,
खवल्याचंच पुढे करते, पाला नाहीतर रावस.
एकही पान न वाचता
तिला नियम पाठ आहेत.
पाला साफ करता करता ती सांगत होती
खाडी घरात शिरली त्या रातीचं:
"पोराला माल्यावर फेकला न् उभी रायले.
पानी पार गल्याशी आयलं, शेट."

काका थांबले.
"काय म्हणालीस?"
"सुटे नाय का?"

शुक्रवारी दिवेलागणीनंतर ते पेन धरत नाहीत.
पाचला फोन आला, धापा टाकत.
जिना चढले असणार, किंवा अडीच हजार वर्षं.
"गळ्याशी लिही. गळ्याशीच."
आणि मग, थोडं थांबून,
"आत्मा तळटीपेत ठेव. आईसाठी."

रविवारी शिफ्रानं मोठ्यानं वाचलं.
अडखळत, ळ नीट न जमता.
त्या ओळीपाशी
तिचा हात आपोआप मानेवर गेला.
काकांनी पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला.
चष्मा स्वच्छ होता.

आता पुढची ओळ.
बुडणाऱ्याच्या पायाखाली काय आहे, ते तिथे लिहिलंय.
'कर्दम' म्हणतं जुनं भाषांतर.
हिरूबायला विचारावं लागेल,
खाडीत चिखल किती प्रकारचा असतो,
आणि त्यातला कुठला
पाय सोडत नाही.