खोका

तिवा नदीच्या वाळूकाठी, मुस्यिमीच्या अंगणात
मी लाकडी खोका ठेवला, वीतभर उंच.
चढा, उतरा, चढा, उतरा.
यंत्र टकटक करेल त्या तालावर. आठ मिनिटं.
म्हाताऱ्यानं खोक्याभोवती एक फेरी मारली,
मागे काही आहे का, वाकून पाहिलं.
"ही पायरी जाते कुठे?"

कुठेच नाही, म्हटलं.

तिसऱ्या मिनिटाला तो खालीच बसला,
तपकिरीची डबी काढली
आणि म्हणाला, लिही: गुडघे.
मी लिहिलं. गुडघे.
मग त्याच्या छातीवर चिकटवलं
वीस शिलिंगच्या नाण्याएवढं यंत्र.
चार दिवस, चार रात्री काढायचं नाही,
आंघोळीलासुद्धा.

पाचव्या दिवशी निरोप्यानं यंत्र आणून दिलं.
कितुईच्या खोलीत, पंख्याखाली,
मी मुस्यिमीचं काळीज पडद्यावर उलगडलं.
पहाटे साडेचारला उठलेलं.
पाचला चढ, सहाला आणखी चढ,
ठोके दीडशेला टेकून तासभर तिथेच राबलेले.
दुपारी धप्प, धप्प, कोणीतरी मका कुटतंय.
संध्याकाळी पुन्हा नदी.
साठीचा माणूस आणि हे काळीज!
साहेब खूश. म्हणाले, गावाकडची हवा.

मी अडखळले ती चौथ्या रात्रीपाशी.
दोन वाजता, अंधारात,
शरीर हळूहळू झुलतंय,
डावीकडे, उजवीकडे,
थांबतं, अंदाज घेतं, पुन्हा झुलतं,
खांद्यावर कुणाचं तरी रडकं लेकरू असल्यासारखं.

मोटारसायकलवर मागे बसून परत गेले.
मुस्यिमी बाओबाबखाली पटावर बिया मांडून बसलेला.
यंत्र कोणी घातलं होतं?
त्यानं हनुवटीनं नदीकडे दाखवलं.
स्योंबुआ येत होती.
कपाळावर चामड्याचा पट्टा, पाठीवर पिवळा डबा,
पट्टा जिथे रुततो तिथे कपाळाला
जुनी, गुळगुळीत खाच.

"तू म्हणालीस, या घरात कष्ट किती ते मोजायचं.
ते माझ्याकडे कुठे आहेत?
जिथे आहेत तिथे चिकटवलं."
आणि त्यानं बी पुढे सरकवली.
लाजला वगैरे अजिबात नाही.

तिनं डबा उतरवला, श्वासही लागलेला नव्हता.
माझ्या वहीकडे पाहिलं नाही, खोक्याकडे पाहिलं.
"मोजून झालं असेल तर हा ठेवून जा.
चुलीपाशी बसायला बरा आहे."

संध्याकाळी सामानाच्या यादीत मी लिहिलं:
खोका, एक नग. हरवला.