मागची भिंत

अम्मा कडक भाकरी थापते, तो व्हिडिओ मी टाकला
गड्ड्याची जत्रा उठत आली होती त्या रविवारी.
विडी घरकुलातल्या आमच्या दीड खोलीत
ऊन वीस मिनिटं येतं, तेवढ्यात उरकला.
अठ्ठेचाळीस सेकंद.
परातीतलं पीठ, तिचे हात, बांगड्यांचा आवाज.
"केस तरी विंचरू दे की रे," म्हणाली,
तेही मी ठेवलं. लोकांना तेच आवडतं.

संध्याकाळपर्यंत नऊ हजार जणांनी पाहिला.
मी टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला,
घड्या घालता घालता आकडा बघायचो.

मंगळवारी ती विड्या द्यायला गेली.
चेकरने छाट काढली, बंडलं मोजली
आणि मान वर न करता विचारलं,
"अंबव्वा, महिन्यात सातच दिवस कोरडा काय तुझा मालक?"

रांगेतल्या बायका हसल्या नाहीत.
हसल्या असत्या तर बरं झालं असतं,
असं शेजारची लक्ष्मीनरसू म्हणाली.
अम्मा काहीच म्हणाली नाही.

घरी आलो तर भिंतीवर नुसता खिळा.
म्हणून फोनमध्ये बघावं लागलं.
थांबवला, दोन बोटांनी मोठा केला:
तिच्या डाव्या खांद्यामागे कॅलेंडर,
सुताच्या व्यापाऱ्याने दिलेलं, तेलुगू तिथींचं.
सात तारखांखाली निळ्या पेनाने
मुंग्यांएवढी अक्षरं.

मी मराठी शाळेतला. तेलुगू बोलतो, वाचता येत नाही.
चोवीस वर्षं त्या भिंतीखाली जेवलो,
मला तो दुधाचा हिशेब वाटायचा.

लक्ष्मीनरसूने वाचून दाखवलं, दार लोटून घेऊन.
तागलेदु.
प्यायला नाही.
पुढच्या तारखेलाही तेच. सातही तेच.
प्यायलेल्या दिवसांचं कुठे काही नाही.
चांगले तेवढेच तिने लिहून ठेवले होते.

काढून टाकला व्हिडिओ.
तोवर तो समाजाच्या ग्रुपवर गेला होता,
तिथून मामांच्या, तिथून तेलंगणात आत्याकडे,
आणि भाकरीबद्दल कुणीच बोलत नव्हतं.
जुन्या गिरणीचा भोंगा अख्ख्या शहराला ऐकू जायचा म्हणतात.
माझा खिशात मावतो.

नानांनीही पाहिलं असणार.
त्या रात्री ते वेळेवर आले. चप्पल नीट काढली.
मग आत दोघं बराच वेळ बोलत बसली,
मध्ये नुसता पडदा.

नेमकं त्या दिवशी पाणी आलं होतं, पाचव्या दिवशी.
पिंप भरलं, घागरी भरल्या, बादल्या भरल्या.
मी नळ बंद केला नाही.
पाणी मोरीतून गटारात जात राहिलं
आणि मी त्या आवाजाच्या अलीकडे उभा राहिलो,
त्यांचं काही ऐकू येऊ नये म्हणून.

एरवी तांब्याभर सांडलं तरी ओरडते अम्मा.
त्या रात्री आतून एकदाही ओरडली नाही.