बॉलपेनची खूण

हरिपूर रोडच्या साइटवर वाळू चाळते मी,
अनवाणी. चप्पल रुततं, पाय रुतत नाही.
त्याच ढिगावर रात्री काळी कुत्री निजते
चार पिल्लं घेऊन.
सकाळी तिला उठवलं की जागा ऊबदार लागते, ओलसर.
घाण दिसली तर फावड्यानं उडवायची
आणि कामाला लागायचं.

आधी घोट्याखाली एक लाल ठिपका.
डास म्हणून खाजवला.
तिसऱ्या दिवशी ठिपक्याला शेपूट फुटलं,
मग वळण, मग अजून एक वळण,
लेकरानं पाटीवर उ काढायला घ्यावा
आणि थांबायचं विसरून जावं, तसं.
रात्री नखं पुरेनात.
पत्र्याच्या कडेला पाय घासला.

हौसाक्का म्हणाली, नागीण हाय ही.
तोंडाला शेपूट भिडलं की माणूस संपतंय.
तिनं गेरू लावला. गेरू वाळला, तडकला,
आणि त्याच्याखालनं रेघ पुढं निघून गेली.
मेडिकलवाल्यानं गजकर्णाची ट्यूब दिली, साठ रुपये.
मी रोज रात्री मोजायची,
तोंड नि शेपूट, मधी किती बोटं उरली.

मिरजेच्या दवाखान्यात मुजावर बाईंनी
माझा पाय आपल्या मांडीवर घेतला.
चिखलाचा, तसाच.
'वाळूत काम? कुत्री-मांजरं असतात तिथं?'
मग म्हणाल्या, 'नागीण नाही ही. नागिणीला फोड येतात, झुबक्यानं.
हा कुत्र्याच्या पोटातला जंत.
वाळूत अंड्यातनं निघाला, तुमच्या पायात शिरला.
त्याला कुत्रं हवं होतं.
माणसाच्या कातडीत आतलं दार त्याला उघडता येत नाही,
म्हणून फिरतो नुसता, पापुद्र्याखाली.'

मग सुईनं काढा की, काट्यासारखा.
त्या हसल्या.
'रेघ जिथं संपते तिथं तो नसतोच.
तो पुढं गेलेला असतो, न दिसता.'
खिशातल्या पेननं टोकाशी आडवी खूण केली.
'दिवस गेलेत का?' नाही म्हटलं.
'मग तीन दिवस ह्या गोळ्या. जेवून.'

पहिल्या सकाळी रेघ निळी खूण ओलांडून गेली होती
गव्हाच्या दाण्याएवढी.
दुसऱ्या दिवशी नीट कळेना.
तिसऱ्या दिवशी होती तिथंच.
खाज मात्र आठवडाभर राहिली,
घर सोडून गेलेल्याच्या वासासारखी.

जतवरनं निघालो तेव्हा आधी कुपवाड,
मग माधवनगर, आता हे.
दारं बसवून होतात
तोवर आम्ही पुढच्या साइटवर.

मुकादम म्हणाला, कुत्री हाकलून देतो.
मी म्हटलं, ताडपत्री द्या.
बूटही मागितले. मिळाले, एक आठ नंबरचा, एक सहाचा.
गुरांच्या डॉक्टरानं पिल्लांना जंताचं औषध पाजलं,
कुत्रीनं पिल्लांची तोंडं चाटून घेतली.

आता दिवस मावळला की ढीग झाकते,
चार कोपऱ्यांवर चार विटा.
कुत्री येते, नाकानं कड उचलते,
जरा वेळ तशीच उभी राहते.