पाचाशी फाटलेले कागद

पहिल्या खेळाला अकरा माणसं.
दोघं नुसती थंडीला कंटाळून आत आलेली,
एक घोरत होता.

सिग्नेनं सिनेमा भावाच्या बोटीवर काढला,
बोट विकून पुरा केला.

रात्री मासळीच्या कारखान्यात
सुरी चालवता चालवता ओडबियर्ग म्हणाली,
"त्यातली म्हातारी इंजिनाशी भांडते ना,
थेट आपली आसलॉग."
एवढंच.

शुक्रवारी ट्रॉम्सोत भरदुपारी काळोख
आणि बर्फात रांग,
पार बेकरीच्या वळणापर्यंत.
पायऱ्यांवरही माणसं, मांडीवर ओले कोट.
इंजिन धडधडलं तेव्हा अख्खं थिएटर खाकरलं,
हसू की रडू, कळेना.

दाराशी सिग्नेच्या हातात पडत गेले
मतांचे कागद,
पाचाच्या आकड्याशी फाटलेले,
काहींना मासळीचा वास.

एकच तिनाशी.
फाडण्यावरूनच तिनं भाऊ ओळखला.