रकाना एकोणीस

कुपवाडच्या एमआयडीसीत मगदूम कास्टिंग्जच्या
वरच्या खोलीत मी बसते. खाली भट्टी.
सकाळी टेबलावर बोट फिरवलं की काळं होतं,
म्हणून आधी टेबल पुसते, मग संगणक लावते.
बारा वर्षं हेच.

आता युरोपातून एक तक्ता आलाय.
रकाना एकोणीस : आपल्या मालाच्या
एका टनात धूर किती?

मी परत वाचलं. मालात. धूर.
पंपाच्या कवचीत लोखंड असतं, थोडं सिलिकॉन,
वाळूचा एखादा कण, चुकून राहिलेला बुडबुडा
– तो सापडला की अख्खी खेप परत.
धूर तर चिमणीतून जातो
बामणोलीच्या अंगाला.

मालक म्हणाले, रुकसाना, भर काहीतरी,
आजवर भरत आलोच की.
म्हटलं, मालक, हा इन्स्पेक्टर चहा पीत नाही.
रिकामं सोडलं तर ते त्यांचा आकडा धरतात,
आणि सरकार कुठलंही असो,
त्याचा आकडा आपल्यापेक्षा मोठाच असतो.

मग कोकच्या पावत्या काढल्या, वर्षभराच्या,
तीन उंदरांनी खाल्लेल्या.
विजेची बिलं काढली. विजेतला धूर वेगळा लिहायचा म्हणे.
तो परळीचा की चंद्रपूरचा
हे बिलावर छापत नाहीत.

ब्रेशियाहून दोनातेल्ला लिहिते. तीही माझ्यासारखीच,
कुणाच्या तरी भट्टीच्या हिशोबाला बसलेली.
सोमवारी : तारीख पुढे गेली.
गुरुवारी : नियमच बदलतोय.
पुढच्या आठवड्यात : लहानांना सूट आहे,
फक्त लहान कोण ते ठरायचंय.
आमच्या पतसंस्थेत सात संचालक,
त्यांचं शिपायाच्या बोनसवर एकमत होत नाही.
तिकडं सत्तावीस देश एका टेबलाला.
मी तिला लिहिलं, सावकाश होऊ दे.

एकदा रात्री उशिरा तिनं तक्त्याबाहेरचं लिहिलं.
वडील साचे भरायचे. गॅस महागला, कारखाना मिटला.
आता तिथं आरसे लावलेत,
लोक पैसे भरून घाम गाळायला येतात.
कायदा त्यासाठीच आहे, ती म्हणाली,
इथला धूर तुमच्या गावी जाऊन
स्वस्त होऊ नये म्हणून.
मी बराच वेळ उत्तर दिलं नाही.
तिचं खोटं नव्हतं. माझी पगाराची तारीख
तीही खोटी नव्हती.

दुसऱ्या दिवशी खाली उतरले.
बिराप्पा, एका घाणीला कोक किती पाट्या?
सांगतो की. इचारतंय कोण?
युरोप.
कशापायी?
धूर किती होतो ते बघायला.
तो हसला. हसता हसता खोकला लागला,
हसू थांबलं तरी खोकला चालूच होता.
सत्तावीस वर्सं झाली ताई, तो पदरी बांधलेल्या फडक्यानं
तोंड पुसत म्हणाला,
पैल्यांदाच कुणीतरी इचारलं बघा.

त्याच्या खोकल्याला रकाना नव्हता.
वीस होता पॅकिंगच्या लाकडाचा,
एकवीस सहीचा.

आकडा निघाला. टाकला. तक्ता घेईना.
लाल रेघ, परत लाल रेघ.
दोनातेल्लाला विचारलं. म्हणाली, मधे टिंब नको,
आमच्याकडे तिथं स्वल्पविराम देतात.
दोन, स्वल्पविराम, चौदा.
घेतला.

सुट्टीच्या भोंग्याला बिराप्पा जिन्यात उभा.
वर येत नाही तो, पायरी काळी होते म्हणून.
किती निघाला ओ?
टनाला दोन टन, वर थोडा.
त्यानं हातातला डबा या हातातून त्या हातात घेतला.
मनाशी काहीतरी तोललं.
म्हंजे लोखंडापरास
धूरच जड की.